कोलोनचा नुबेल आणि आमची रोजकीर्द

यूडीकोलोन हे नाव आमच्या पिढीला चांगले परिचित आहे. लहानपणी ताप चढला की आई कपाटातील हिरवट बाटली काढीत असे आणि पाण्यात दोन थेंब टाकून कपाळावर गार पट्टी ठेवीत असे. त्या वासाबरोबर आजही मला आईचा हात आठवतो. मात्र ‘कोलोनचे पाणी’ असा त्या नावाचा अर्थ आहे, आणि कोलोन हे जर्मनीत ऱ्हाईन नदीच्या काठी वसलेले एक प्राचीन व्यापारी शहर आहे, हे कळायला मला साठी ओलांडावी लागली. तिथले लोक आपल्या गावाला ‘क्योल्न’ म्हणतात. इसवी सन ५० मध्ये रोमन साम्राज्याने या वस्तीला ‘कोलोनिया’चा दर्जा दिला, त्यावरून हे नाव आले. फरिना घराण्याची १७०९ मध्ये स्थापन झालेली अत्तराची पेढी तिथे आजही चालू आहे. तीनशे वर्षे एकाच धंद्यात टिकलेले घराणे म्हटल्यावर आपल्यासारख्या व्यापारी माणसाचा हात आपोआप जोडला जातो.

याच शहरात आमचे जावई नोकरीनिमित्त राहतात. २०२३ च्या फेब्रुवारीत मी आणि सौभाग्यवती तिकडे गेलो, तेव्हा कन्येने मुद्दाम सांगून ठेवले होते, “बाबा, कार्निव्हलच्या दिवसांत या. शहर त्याच वेळी खरे दिसते.” माझ्या मनात थोडी नाखुशी होती. कार्निव्हल म्हणजे खाणे, पिणे आणि धांगडधिंगा, एवढेच मी गोव्यावरून ऐकून होतो. पणजीच्या रस्त्यांवरून किंग मोमोची स्वारी निघते आणि चार दिवस मजा करण्याचे फर्मान सुटते. पोर्तुगीजांबरोबर तिथे आलेला हा ‘इंत्रूज’ आपल्याला ठाऊक असतो. साऱ्या आयुष्यात मद्याला न शिवलेल्या बार्शीच्या एका भुसार व्यापाऱ्याने त्यात काय पाहावे, असा माझा प्रश्न होता. जे पाहिले त्याने मला माझ्याच पेढीच्या एका जुन्या वहीपाशी आणून उभे केले. ती हकीकत वाचकांना सांगावी, म्हणून हा लेख.

आधी या सणाचे मूळ सांगितले पाहिजे. ख्रिस्ती पंचांगात ईस्टरपूर्वी चाळीस दिवसांचा उपवासकाळ असतो. रविवार उपवासात धरत नाहीत, म्हणून प्रत्यक्षात तो ईस्टरच्या ४६ दिवस आधी, राखेच्या बुधवारी सुरू होतो. ईस्टर वसंतातील पौर्णिमेनंतरच्या रविवारी येतो, त्यामुळे हे सगळे दिवस आपल्या सणांप्रमाणेच दरवर्षी पुढेमागे सरकतात. मध्ययुगात हा उपवास कडक असे. मांस तर नाहीच, शिवाय अंडी, दूध, लोणीही वर्ज्य. मग घरात साठलेले सगळे स्निग्ध पदार्थ उपवासाआधी संपवायचे, त्यासाठी तळणाच्या कढया चढायच्या. ‘कार्निव्हल’ या शब्दाचे मूळ ‘मांस दूर करणे’ या अर्थाच्या लॅटिन शब्दांत सांगतात. कोलोनच्या बोलीत या सणाला ‘फास्टेलोव्हेंड’ म्हणतात. त्याचा सरळ अर्थ उपवासाची पूर्वसंध्या.

हे ऐकून मला प्रथम हसू आले. आमच्या घरी उपवासाच्या आदल्या दिवशी धारणा असते, म्हणजे एकवेळ साधे भोजन. तपाची तयारी तपानेच करायची, ही आपली रीत. इथे नेमके उलटे: उद्या सोडायचे आहे, म्हणून आज भरपूर भोगून घ्या. पण जावई हसत म्हणाले, “बाबा, श्रावण लागण्याच्या आदल्या रात्री आपल्या महाराष्ट्रात काय चालते?” मी निरुत्तर झालो. आषाढी अमावास्येला दिव्यांची पूजा करणारी घरे आहेत, आणि तिला ‘गटारी’ म्हणणारी मंडळीही आहेत. माणसाचे मन संयमाच्या उंबरठ्यावर थोडे बावरते आणि मागे वळून पाहते. ते सगळीकडे सारखेच.

कोलोनचा हंगाम मात्र एका रात्रीचा नाही. तो आदल्या वर्षीच्या ११ नोव्हेंबरला सकाळी ११ वाजून ११ मिनिटांनी जुन्या शहरात सुरू होतो. तिथे अकरा हा विदूषकांचा आकडा मानतात. दहा आज्ञांपेक्षा एक जास्त आणि बारा शिष्यांपेक्षा एक कमी, म्हणजे कुठल्याच पवित्र हिशेबात न बसणारा, असे त्याचे एक स्पष्टीकरण देतात. उत्सवाचे कारभारी मंडळही अकरा जणांचे. ११ नोव्हेंबर हा संत मार्टिनचा दिवस. जुन्या काळी युरोपात या दिवशी खंड चुकता करायचा, गड्यांचा पगार द्यायचा, जुने करार संपवून नवे करायचे, अशी चाल होती. आपल्याकडे दिवाळीला वहीपूजन होऊन नवे खाते उघडते, तसाच हा हिशेबाचा दिवस. हंगाम हिशेबाने उघडतो आणि राखेने मिटतो, ही गोष्ट त्या वेळी माझ्या मनात नुसतीच नोंदली गेली.

आजचा कोलोनचा कार्निव्हल ज्या रूपात दिसतो, ते रूप त्याला १८२३ मध्ये मिळाले. त्याची कथा व्यापारी माणसाला आवडेल अशी आहे. शेकडो वर्षे हे स्वतःचा कारभार स्वतः पाहणारे मुक्त शहर होते. १७९४ मध्ये फ्रेंच सैन्य आले आणि ते स्वातंत्र्य संपले. नेपोलियनचा पाडाव झाल्यावर १८१५ मध्ये शहर प्रशियाच्या ताब्यात गेले. जुने मुखवट्यांचे खेळ चालू होते, पण ते विस्कळीत आणि दंगेखोर झाले होते. तेव्हा शहरातील सुशिक्षित आणि व्यापारी घराण्यांतील मंडळींनी एकत्र येऊन एक समिती नेमली, नियम घातले, वर्गणी जमवली आणि १० फेब्रुवारी १८२३ रोजी, राखेच्या बुधवारच्या आधीच्या सोमवारी, पहिली शिस्तबद्ध मिरवणूक काढली. तिचा नायक होता ‘वीर कार्निव्हल’, ज्याला पुढे राजपुत्र म्हणू लागले.

या व्यवस्थितपणात एक खोडी होती. प्रशियाचे राज्य लष्करी शिस्तीचे. मग नागरिकांनीही एक सैन्य उभारले! मुक्त शहराच्या जुन्या, तांबड्या गणवेशातील शिपायांची नक्कल करणारे ‘रोटे फुंकेन’ हे पथक त्याच १८२३ सालचे. त्यांच्या बंदुका लाकडाच्या, नळीत फुलांचा गुच्छ, आणि कवायतीत पाठीला पाठ घासून केलेले एक हास्यास्पद नृत्य. राज्यकर्त्यांना उघड शिवी न देता त्यांच्या रुबाबातील हवा काढून घ्यायची, ही ती युक्ती. दोनशे वर्षांनंतर प्रशियाचे राज्य नकाशावर नाही, लाकडी बंदुकांचे पथक मात्र अजून कवायत करते आहे.

आम्ही पोहोचल्यावर पहिला मोठा दिवस आला तो गुरुवार, १६ फेब्रुवारी. तो स्त्रियांचा दिवस. त्याची एक कथा कोलोनच्या शेजारच्या बॉन शहराजवळील बॉयल या गावाची सांगतात. तिथल्या धोबिणी कोलोनच्या श्रीमंत घरांचे कपडे धूत असत. बायकांनी थंड पाण्यात हात सोलून घ्यायचे आणि पुरुषांनी कपडे पोहोचवायला जाऊन शहरात मौज करायची, हे त्यांना सोसेना. १८२४ मध्ये त्यांनी आपले स्त्रियांचे मंडळ स्थापन केले आणि त्या दिवशी काम बंद ठेवले. आज या गुरुवारी ऱ्हाईनकाठच्या गावोगावी स्त्रिया नगरभवनाचा ताबा घेतात आणि दिसेल त्या पुरुषाचा टाय कात्रीने कापतात. टाय म्हणजे पुरुषी अधिकाराचे शेपूट, असा त्यामागील भाव. कन्येने सावध केले होते. तरी थोरल्या चिरंजीवांच्या लग्नातला टाय मी बांधून बाहेर पडलोच. दुकानाच्या दारातच एका तरुणीने कात्री उगारली. कन्येने तिला काही सांगितले, तशी ती माझ्या गालाचे चुंबन घेण्याच्या प्रथेऐवजी हात जोडून उभी राहिली. टाय मात्र कापलाच. उरलेला तुकडा सौभाग्यवतींनी बार्शीला आणून सर्वांना दाखवला, हे वेगळे सांगायला नको.

हंगामाचे अधिपती तिघे असतात: राजपुत्र, शेतकरी आणि कुमारिका. शेतकऱ्याकडे शहराच्या वेशीच्या किल्ल्या. त्याने शहराचे रक्षण केले, ही त्याची ओळख. कुमारिका म्हणजे खुद्द नगरी. तिच्या मुकुटाला तटबंदीच्या कंगोऱ्यांचा आकार असतो. तटाने रक्षिलेली, कुणाला वश न झालेली, असा त्याचा अर्थ. ही भूमिका परंपरेने पुरुषच करतो. याला अपवाद १९३८ आणि १९३९ चा. नाझी राजवटीला पुरुषाने स्त्रीवेष घेणे पसंत नव्हते, म्हणून त्या दोन वर्षी स्त्रियांना उभे केले गेले.

त्या काळाची दुसरी आठवण कोलोनकर आता लपवीत नाहीत. १९३४ च्या मिरवणुकीत देश सोडून जाणाऱ्या ज्यू नागरिकांची टिंगल करणारा चित्ररथ होता. शेजाऱ्याचे घर उजाड होत होते आणि रस्त्यावर लोक हसत होते. राज्यकर्त्यांची थट्टा करण्यासाठी जन्मलेला हा उत्सव राज्यकर्त्यांच्या बाजूने दुबळ्यांवर हसू लागला. याला न जुमानणारा एक विनोदी वक्ता होता, कार्ल क्युपर. पिंपात उभे राहून भाषण करायची तिथे पद्धत आहे. हा व्यासपीठावर येऊन हिटलरी सलामीसाठी हात वर करी आणि मग त्या उंचीचा संबंध तळघरातल्या केराशी जोडी. १९३९ मध्ये त्याच्या बोलण्यावर बंदी आली. हसणे हे नेहमीच निरुपद्रवी नसते. कोण कुणाला हसतो यावर सारे अवलंबून असते. हे मी त्या परदेशात, नातीच्या शाळेच्या पुस्तकावरून कन्येने समजावून दिले तेव्हा शिकलो.

सोमवार, २० फेब्रुवारी. ‘गुलाबाचा सोमवार’ म्हणून ओळखला जाणारा हा दिवस त्या वर्षी विशेष होता, कारण १८२३ पासून २०० वर्षे पुरी झाली होती. म्हणून मिरवणूक इतिहासात प्रथमच नदीच्या उजव्या काठावरून, डॉइट्झ भागातून निघाली आणि पूल ओलांडून जुन्या शहरात शिरली. पुलावरून येणारे चित्ररथ, मागे कॅथेड्रलचे दोन काळे मनोरे. या देवालयाचे काम १२४८ मध्ये सुरू झाले आणि १८८० मध्ये पुरे झाले. म्हणजे पहिली मिरवणूक निघाली तेव्हा ते अर्धवटच होते आणि एका मनोऱ्यावर कित्येक शतकांची लाकडी यारी उभी होती. सहाशे वर्षे काम रखडले तरी त्यावर पाणी न सोडणारे हे लोक, असे मनात आले.

चित्ररथांवरून जगातल्या पुढाऱ्यांचे कागदाच्या लगद्याचे अवाढव्य पुतळे जात होते आणि दोन्ही बाजूंना गर्दीवर मिठाईचा वर्षाव होत होता. “कामेले! कामेले!” असा पुकारा करायचा, म्हणजे गोळ्या, चॉकलेटे आणि फुलांचे छोटे गुच्छ अंगावर येतात. मुले छत्री उलटी धरून उभी असतात. आमच्या नातीचे वय आठ; तिनेही विदूषकाचा पोशाख करून आपली छत्री उलटी केली आणि दोन तासांत पिशवी भरली.

घरी आल्यावर खरा प्रसंग उभा राहिला. त्या मुलायम, चिवट गोळ्यांत जिलेटिन असते आणि ते प्राण्यांच्या हाडांपासून व कातड्यापासून काढतात. सौभाग्यवतींचा चेहरा उतरला. पोरीने एवढ्या आनंदाने वेचलेले, आता हिरावून कसे घ्यायचे? मी काही बोलणार, तोच नातीने पिशवी फरशीवर ओतली, प्रत्येक पाकिटामागची बारीक अक्षरे वाचली आणि दोन ढीग केले. “हे आपले, आजी, आणि हे शाळेत द्यायचे. मी दरवर्षी असेच करते.” तिच्या आईने तिला वाचायला शिकवले होते, अडवले नव्हते. तिचा ढीग लहान होता, पण तिला तो लहान वाटत नव्हता. परमुलखात आपले मूल हरवेल, ही भीती आपल्या सर्वांच्या घरात असते. माझ्या मनातील ती भीती त्या फरशीवर बरीचशी कमी झाली.

कन्येने त्या संध्याकाळी आणखी दोन गोष्टी सांगितल्या. १९९१ मध्ये आखाती युद्धामुळे ही मिरवणूक रद्द झाली होती. आणि आदल्याच वर्षी, २०२२ मध्ये, मिरवणुकीच्या चार दिवस आधी युक्रेनवर आक्रमण झाले, तेव्हा कोलोनकरांनी चित्ररथांच्या स्वाऱ्या बाजूला ठेवल्या आणि त्याच सोमवारी सुमारे अडीच लाख माणसे शांततेसाठी रस्त्यावर चालली. कित्येकांच्या अंगावर विदूषकाचेच कपडे होते. आनंद कुठे थांबवावा हे ज्याला कळते, त्याच्या आनंदाला मी यापुढे धांगडधिंगा म्हणणार नाही.

आता मूळ विषयाकडे येतो. हंगामाच्या शेवटच्या दिवसांत तिथल्या पेयगृहांच्या दारावर गवत भरलेली, जुने कपडे घातलेली एक माणसाएवढी बाहुली टांगलेली असते. तिचे नाव नुबेल. त्या बोलीत नुबेल म्हणजे कुणीतरी, अमका तमका. ज्याचे नाव घ्यायचे नाही किंवा घ्यायला येत नाही, असा माणूस. मंगळवारी मध्यरात्री, उपवास लागायच्या आधी, त्याला खाली उतरवून जाळतात. नात हट्ट करून आम्हाला त्यांच्या गल्लीच्या कोपऱ्यावर घेऊन गेली. काळे कपडे घातलेली मंडळी, हातात मेणबत्त्या, खोटे हुंदके. एकाने पुरोहिताचे सोंग घेतले आणि आरोपपत्र वाचायला सुरुवात केली. आम्ही पैसे उधळले, दोष कुणाचा? सगळे ओरडले, “नुबेलचा!” आम्ही रात्र रात्र जागलो, दोष कुणाचा? “नुबेलचा!” आम्ही बायकोशी भांडलो, दोष कुणाचा? “नुबेलचा!” मग काडी लागली. गवत क्षणात पेटले. लोक हसत होते, काही खरेच रडत होते.

नातीने माझा हात ओढला. “आजोबा, पण नुबेलने यातले काहीच केले नव्हते ना?”

“नाही, बाळ.”

“मग त्याला कुणी सांगितले नाही का, की तू काही केले नव्हतेस?”

त्या ज्वाळेसमोर मला आमचे दिवाणजी आठवले.

१९९४ ची दिवाळी. आमच्या पेढीच्या रोजकीर्दीत ४१,००० रुपयांची तूट निघाली. त्या काळी ती लहान रक्कम नव्हती. दिवाणजी वडिलांच्या वेळेपासूनचे. एकवीस वर्षे त्यांनी आमची वही लिहिली होती. तीन रात्री मेळ घालूनही मेळ बसेना. वडील, थोरले बंधू आणि मी, आम्ही कुणीही त्यांना चोर म्हणालो नाही. आम्ही फक्त तिजोरीच्या किल्ल्या त्यांच्याकडून मागून घेतल्या. त्यांनी त्या गादीवर ठेवल्या, नमस्कार केला, आणि महिना भरल्यावर ते यायचे बंद झाले. बाजारात कुणी विचारले तर आम्ही म्हणत असू, “वय झाले, चुका होऊ लागल्या.” पुढे दोन-तीन वर्षे पेढीत काहीही बिघडले, जुने येणे बुडाले, पावती हरवली, की कुणीतरी म्हणायचे, “दिवाणजींच्या वेळचे असेल.” नुबेलचा दोष!

तीन वर्षांनी आमची दुसरी, भागीदारीतली पेढी बंद करताना तिचे जुने कागद निघाले. त्यात बँकेच्या भरण्याची एक पावती होती. ४१,००० रुपये, माझ्या हस्ताक्षरात. लातूरच्या बाजारात तूर घेण्यासाठी मी पेढीतून रोख उचलली होती, सौदा फिसकटला, आणि घाईत मी ती रक्कम दुसऱ्या पेढीच्या खात्यात भरली. उचल लिहायची राहिली. मी पावती वडिलांपुढे ठेवली. ते बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, “आता उकरून काय मिळणार?” मला हेच ऐकायचे होते. वडिलांच्या शब्दाआड मी लपलो. ते गेल्यावर तोही आडोसा उरला नाही, पण तोवर मौनाची सवय झाली होती.

आणि दरवर्षी पर्युषणानंतर मी क्षमापना करीत आलो! पूर्वी छापील कार्डे, आता मोबाइलवरून संदेश. चारशेहून अधिक नावांची यादी आहे माझी. त्यात ज्यांचे मी कधी वाईट केले नाही असे कितीतरी व्यापारी, अधिकारी, व्याही आहेत. दिवाणजींचे नाव त्या यादीत कधीच नव्हते. ज्याची क्षमा मागायची त्याला वगळून उरलेल्या जगाची क्षमा मागणे, याला काय म्हणावे? कोलोनकर निदान गवताची बाहुली जाळतात. आम्ही जिवंत माणूस दारावर टांगला होता.

दुसरा दिवस राखेचा बुधवार. रात्रीतून शहर बदलले होते. रस्ते झाडले गेले होते, ट्राममध्ये काही लोकांच्या कपाळावर राखेचा क्रूस होता. मागच्या वर्षीच्या सणातल्या पवित्र डहाळ्या जाळून ती राख करतात आणि ती लावताना, माणसा, तू धुळीचा आहेस आणि धुळीलाच मिळणार, याची आठवण देतात. म्युनिकमध्ये तर या दिवशी महापौर नगरपालिकेचे रिकामे पाकीट कारंज्यात धुतात. त्या दिवशी कोलोनमध्ये हेरिंग मासा खाण्याची प्रथा आहे. मासा त्यांच्या उपवासात चालतो. ते आपल्याला पटणारे नाही, पण त्यांच्या व्रताचे मोजमाप आपल्या तराजूत करायला मी तिथे गेलो नव्हतो. मला माझ्याच तराजूची काळजी लागली होती. नुबेल जळून गेल्यावरही राख दुसऱ्या दिवशी प्रत्येकाच्या स्वतःच्या कपाळावर लागते, हे त्या लोकांना ठाऊक आहे. आम्ही पहिला अंक करून थांबलो होतो.

मार्चच्या मध्यावर आम्ही परतलो. थोरल्या बंधूंना सगळे सांगितले. ते म्हणाले, “एवढ्या वर्षांनी? त्यांना उगाच त्रास.” मग आत गेले आणि तिजोरीतून एक पाकीट घेऊन आले. ती पावती त्यांनी जपून ठेवली होती. का, ते त्यांनी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही.

२२ मार्चला गुढीपाडवा होता. सकाळी मी एकटाच गेलो. गावाच्या दुसऱ्या टोकाला, मुलाच्या घरी दिवाणजी ओसरीवर बसले होते. सत्त्याहत्तर वर्षांचे, ऐकू कमी येते. मला पाहून उठू लागले. मी म्हणालो, “दिवाणजी, बसा. मी मागायला आलो आहे.” आणि मग जे सांगायचे ते मोठ्याने सांगावे लागले, कारण त्यांना ऐकू येत नव्हते. आतली सून, नातवंडे, शेजारच्या ओसरीवरचे गृहस्थ, सर्वांनी ऐकले. कुजबुजीत उरकण्याची सोय राहिली नव्हती, हे बरेच झाले.

त्यांनी हात पुढे केला. “पावती आणलीत?”

चष्मा लावून त्यांनी ती उलटसुलट पाहिली. तारीख पाहिली, शिक्का पाहिला, रक्कम अंकांत आणि अक्षरांत पडताळली. “त्या दिवशी तुम्ही लातूरहून उशिरा आला होतात, धाकटे शेठ,” ते म्हणाले. “वही मी मिटली होती. उचल लिहिली का, हे विचारायचे माझ्याकडून राहून गेले. तेवढी चूक माझी.”

“नाही, दिवाणजी. तेवढीही तुमची नाही.”

ते काही वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “किल्ल्या मागितल्यात त्याचे वाईट वाटले नाही. पेढी तुमची. पण तुम्ही मला विचारले नाहीत. विचारले असते, तर आपण दोघांनी मिळून शोधले असते. एका रात्रीत सापडले असते.” पुढे त्यांनी सुनेला हाक मारून गुळाचा खडा आणि कडुलिंबाची पाने आणवली. आम्ही दोघांनी ती खाल्ली. निघताना मी पावती परत घ्यायला हात पुढे केला, तर त्यांनी ती घडी करून खिशात ठेवली. “ही माझ्याकडे राहू द्या. नातवंडांना दाखवीन.”

क्षमा केली, असे ते म्हणाले नाहीत. मीही त्यांच्याकडून ते शब्द वदवून घेतले नाहीत. एकोणतीस वर्षांच्या थकबाकीवर एका सकाळी सही मिळेल, ही अपेक्षाच चुकीची होती. पण नंतर ते पेढीवर आले. आषाढात एकदा, आणि दसऱ्याला एकदा. गादीवर बसून त्यांनी माझ्या चिरंजीवांचा संगणकातील हिशेब पाहिला आणि विचारले, “यात उचल कुठे लिहितात?”

वाचकहो, आपल्या प्रत्येकाच्या घरात किंवा पेढीत असा एखादा अमका तमका असण्याचा संभव आहे. वेगळा निघालेला भाऊ, माहेरी परतलेली सून, काम सोडून गेलेला गडी; जे जे बिघडले ते ज्याच्या नावावर लिहून आपण वही मिटली. यंदा क्षमावाणीची यादी करायला बसाल, तेव्हा तिच्यातील नावांपेक्षा तिच्यातून सुटलेले नाव आधी शोधावे आणि संदेश न पाठवता त्या घरी पायी जावे, एवढीच विनंती. कोलोनची नात दर रविवारी फोनवर मला एकच विचारते, “आजोबा, तुमचे दिवाणजी आले होते का?” या रविवारी सांगायला माझ्याकडे उत्तर आहे.